श्रीस्थानक ते ठाणे स्थानक

वऱ्हाडात ‘ठाणे’ हा शब्द उच्चारताच प्रथम पोलीस ठाणे आठवते. मुंबईलगतच्या खाडीकाठच्या नगराचे नावही त्याच शब्दकुळातील होय. शिलाहारांच्या लेखांत त्याचा निर्देश ‘श्रीस्थानक’ असा आढळतो. संस्कृत शब्दारंभीच्या ‘स्थ’चा येथे प्राकृतात ‘ठ’ आणि ‘न’चा ‘ण’ झाला. अशा रीतीने ‘स्थानक’पासून ‘ठाणे’ सिद्ध झाले.

मध्ययुगात हे नांदते बंदर होते. मार्को पोलोच्या प्रवासवृत्तातही त्याचा उल्लेख येतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून जिंकले व १७७४ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. तोवर नगराचे महत्त्व मुख्यतः पाण्यावर अवलंबून होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुमारे २१ मैलांचा प्रवास करून पहिली प्रवासी आगगाडी येथे पोहोचली आणि नगराचे तोंड हळूहळू खाडीकडून लोहमार्गाकडे वळले. कालांतराने मुंबईस नित्य कामाला जाणाऱ्यांचे ते वसतिस्थान बनले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक भरली.

पुढे ‘स्टेशन’ला पर्याय म्हणून ‘स्थानक’ हा तत्सम शब्द मराठीत रूढ झाला. परिणामी ‘ठाणे स्थानक’ या पाटीवर एकच शब्द तद्भव व तत्सम अशा दोन रूपांत शेजारी उभा आहे. पाण्याची खूण मात्र या नावात कोठेच नाही. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर पाणथळ क्षेत्रांत समावेश झाला. तिची आठवण शब्द राखणार नाही, ती नगरवासीयांनीच राखावयाची आहे.