पाचवी ओळ

पाच ओळींचं एक टेबल, त्यात एकच रकाना. पहिल्या चार ओळींत ०, १, २ आणि ३. पाचवी ओळ आहे, पण तिच्यात मूल्य नाही. डेटाबेसच्या भाषेत ती 'नल'. आता त्या टेबलाला विचारायचं: जे १ नाही ते सगळं दाखव. उत्तरात चार ओळी यायला हव्यात: ०, २, ३ आणि ती मूल्य नसलेली. आल्या तीनच.

एरर आली नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, पडद्यावर साधा इशाराही उमटला नाही. एक ओळ गळली, इतकंच. आणि हे ज्याच्या हातून घडलं तो एसक्यूलाइट हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा डेटाबेस आहे. रिचर्ड हिप या अमेरिकी प्रोग्रॅमरने तो २००० साली लोकांसाठी खुला केला. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे, प्रत्येक आयफोनमध्ये आहे, बहुतेक ब्राउझरांमध्येही आहे. हिप आणि त्यांचे सहकारी चाचणीच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. एसक्यूलाइटच्या मूळ कोडच्या पाचशे पटींहून जास्त कोड त्यांनी निव्वळ तो तपासण्यासाठी लिहिलाय. त्यांच्या एका चाचणीसंचात ७२ लाख क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, आहेत, आणि त्यांची उत्तरं पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल यांच्या उत्तरांशी ताडून पाहिलेली आहेत. एवढ्या पहाऱ्यातूनही ती पाचवी ओळ निसटली.

ती सापडली कशी, याची ही गोष्ट.

डेटाबेस कोसळला तर ते कुणाच्याही लक्षात येतं. २०१५ साली आंद्रेआस झेल्टेनराइख यांनी एसक्यूएलस्मिथ नावाचं अवजार लिहिलं. ते वेड्यावाकड्या, कुणी माणूस कधी लिहिणार नाही अशा क्वेरी तयार करून पोस्टग्रेसवर सोडायचं. डेटाबेसचं इंजिन कोसळलं की चूक हाती लागली. पण इंजिन न कोसळता शांतपणे चुकीचं उत्तर देत असेल तर? ते उत्तर चुकीचं आहे हे सांगणार कोण? बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं, तर डेटाबेसला विचारायची गरजच काय होती? चाचणीशास्त्रातली ही जुनी अडचण. इलेन वायुकर यांनी १९८२ सालीच ज्यांची चाचणीच घेता येत नाही अशा प्रोग्रॅमांवर लेख लिहून ती मांडली होती.

एक वाट सरळ दिसते. एकच प्रश्न चार डेटाबेसना विचारा, ज्याचं उत्तर वेगळं तो चुकला. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉन स्लट्झ यांनी हेच केलं आणि १९९८ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत मांडलं. वाट चांगली, पण अरुंद. पाच भागिले दोन केलं की पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट २ म्हणतात, मायएसक्यूएल आणि ओरॅकल अडीच. चुकलेलं कुणीच नाही, नियमच वेगळे. ओरॅकल रिकाम्या अक्षरमाळेला नल समजतो, बाकीचे समजत नाहीत. मग तुलना होऊ शकते ती चौघांत समान असलेल्या थोड्या भागाचीच. चुका तर नेमक्या प्रत्येकाच्या खास गल्लीबोळांत दडलेल्या असतात.

२०१९च्या सुमारास झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात मानुएल रिगर आणि त्यांचे प्राध्यापक झेंडाँग सू यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांची पहिली युक्ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठले. ती इतकी साधी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही, असंच वाटतं.

ते म्हणाले, सगळं उत्तर बरोबर आहे का हे तपासूच नका. टेबलातली एकच ओळ निवडा, कुठलीही. मग एक वेडीवाकडी अट तयार करा आणि त्या एका ओळीवर ती खरी ठरते का, हे स्वतः काढा. एकाच ओळीसाठी अटीची किंमत काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला फार कष्ट पडत नाहीत. त्याला वेग लागत नाही, ओळी पटकन शोधून देणारी सूची म्हणजे इंडेक्स लागत नाही, लाखो ओळींची काळजी नाही. अट खरी निघाली तर तशीच ठेवा. खोटी निघाली तर पुढे 'नॉट' लावा. नल निघाली तर मागे 'इज नल' जोडा. आता ती अट त्या ओळीसाठी खात्रीने खरी आहे. तीच अट डेटाबेसला द्या. उत्तरात ती ओळ आलीच पाहिजे. आली नाही, तर चूक डेटाबेसची. इतर ओळींचं काय झालं हे बघायचीसुद्धा गरज नाही.

निवडलेली ओळ मूल्य नसलेली असली की आपलं पाच ओळींचं टेबल समोर येतं. एसक्यूलाइटमध्ये 'इज नॉट १' या अटीला नलही पास होतो, कारण नल म्हणजे १ नव्हे. त्या टेबलावर एक अर्धवट इंडेक्स होता, फक्त मूल्य असलेल्या ओळींपुरता. ही सोय एसक्यूलाइटमध्ये २०१३ साली, ३.८.० आवृत्तीत आली. अट खरी ठरणारी प्रत्येक ओळ इंडेक्सात असणारच, अशी खात्री पटली तरच इंजिनाने असा इंडेक्स वापरायचा असतो. 'बरोबर नाही १' अशी साधी तुलना असती तर खात्री रास्त होती, कारण नलची साधी तुलना कधी खरी ठरतच नाही. 'इज नॉट'चं तसं नाही. इंजिनाने दोन्ही एकाच मापाने मोजले, इंडेक्सातून वाचायला गेलं, आणि पाचवी ओळ तिथे नव्हतीच.

या युक्तीने एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस मिळून १२१ वेगवेगळ्या चुका त्यांनी कळवल्या. त्यांतल्या ९६ दुरुस्त झाल्या किंवा बनवणाऱ्यांनी मान्य केल्या. पोस्टग्रेसमध्ये त्यातल्या त्यात कमी सापडल्या, हेही नोंदवायला हवं.

नल म्हणजे काय हे पुस्तकातून समजतं, पण भोसरीत ते हाताला लागतं. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे इन्स्पेक्शनचे प्रोग्रॅम मी सांभाळते. जे ब्लॉकजवळच्या एका सीएनसी शॉपमधली गोष्ट. २५ एच७चं बोअर, म्हणजे भोकाचं माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. लॉट ५००चा, चाकणला जायचा. बुधवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी गुरुवार म्हणजे एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे गाडी त्याच रात्री भरायची होती. क्वालिटीच्या मामांनी पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा, रिपोर्ट काढला आणि मला फोन केला.

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर जॉब खातंय."

"किती खाल्ले, मामा?"

"ओके ४८१, रिजेक्ट ९. झाले ४९०. दहा कुठं गेले?"

"टेबलावर काय आहे?"

"हिरव्या क्रेटमध्ये ओके, लालमध्ये रिजेक्ट. पिवळ्यात दहा होल्डला आहेत. एअर गेज कॅलिब्रेशनला गेलाय, त्यांचं बोअर मोजलंच नाही."

उत्तर त्या पिवळ्या क्रेटमध्ये होतं. त्या दहा जॉबच्या ओळी टेबलात होत्या, बोअरचा रकाना रिकामा. पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला तो रिपोर्ट दोनच प्रश्न विचारत होता: माप मर्यादेत आहे का, आणि माप मर्यादेत नाही असं आहे का. न मोजलेल्या बोअरचं पहिल्या प्रश्नाला उत्तर 'माहीत नाही'. ते उलटं केलं तरी 'माहीत नाही'च राहतं. एसक्यूएलचा नियम असा की अट खरी असेल तरच ओळ उत्तरात येते. म्हणून दहाही जॉब दोन्हीकडून गळाले. इंजिनाचं काही चुकलं नव्हतं. तिसरा प्रश्न घातला, 'बोअर नल आहे का', आणि बेरीज ५०० झाली. मामांनी पिवळं क्रेट बाजूला ठेवलं, बाकीचा माल गेला.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि नसलेल्या माहितीसाठी खरं-खोट्याच्या जोडीला हा तिसरा पर्याय त्यांनीच पुढे १९७९च्या लेखात विस्ताराने आणला. तेव्हापासून त्यावर विद्वानांत वाद आहेत. माझं मत विचाराल तर तो पर्याय हवाच. न मोजलेला जॉब ओकेही नसतो आणि रिजेक्टही. त्याला जबरदस्तीने एका क्रेटमध्ये टाकणं हा खोटेपणा आहे, आणि गाडीच्या इंजिनात बसणाऱ्या भागाबाबत तो महाग पडतो.

आता झुरिककडे परत. पहिल्या युक्तीत एक कष्टाचं काम उरलं होतं: प्रत्येक डेटाबेसच्या प्रत्येक ऑपरेटरचे नियम स्वतःच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहावे लागत. रिगर आणि सू यांनी त्यावर २०२० सालीच आणखी दोन वाटा काढल्या, आणि त्या दोन्हींत इंजिनाची साक्ष इंजिनाविरुद्धच काढली.

पहिली वाट अशी. कुठल्या ओळी हव्यात हे सांगणाऱ्या 'व्हेअर'मध्ये अट लिहिली की इंजिन चलाखी करतं: इंडेक्स वापरतं, अट सोपी करतं, नको त्या ओळी वाचायच्याच टाळतं. तीच अट, ओळीतलं काय दाखवायचं हे सांगणाऱ्या 'सिलेक्ट'मध्ये टाकली की चलाखीला जागा उरत नाही. प्रत्येक ओळीसाठी खरं, खोटं की नल हे सांगावंच लागतं. आता 'व्हेअर'ने किती ओळी दिल्या आणि 'सिलेक्ट'मध्ये किती 'खरं' आले, हे आकडे जुळवा. जुळले नाहीत तर चलाखीत खोट आहे. पोस्टग्रेस, मारियाडीबी, एसक्यूलाइट आणि कॉक्रोचडीबी यांत मिळून १५९ नव्या चुका या कामात निघाल्या. १४१ दुरुस्त झाल्या.

दुसरी वाट वाचताना मला मामांचं टेबल आठवलं. कुठलीही अट घ्या. ती खरी असलेल्या ओळी, तिचा 'नॉट' खरा असलेल्या ओळी, आणि ती नल असलेल्या ओळी, असे तीन गट करा. प्रत्येक ओळ यांपैकी एका आणि एकाच गटात पडते. तिन्ही गट एकत्र केले की अट न लावता मिळणारं मूळ टेबल परत मिळालं पाहिजे. कमी मिळालं किंवा जास्त मिळालं, तर इंजिन चुकलं. बरोबर उत्तर कुणालाच माहीत असायची गरज नाही. ही युक्ती नुसत्या मोजणीवर थांबत नाही. 'मॅक्स' घ्या: तीन गटांच्या तीन कमाल मूल्यांतली कमाल ही पूर्ण टेबलाच्या कमाल मूल्याएवढीच हवी. 'सम'चंही तसंच. सरासरीचं तसं होत नाही, तिथे बेरीज आणि संख्या वेगळी घ्यावी लागते. या वाटेने १७५ चुका सापडल्या, १२५ दुरुस्त झाल्या, आणि ७७ मुकाट्याने चुकीचं उत्तर देणाऱ्या जातीच्या होत्या. कॉक्रोचडीबीच्या अभियंत्यांनी ही तपासणी पुढे आपल्या नेहमीच्या चाचण्यांतच बसवली.

या सगळ्या युक्त्या ज्या अवजारात आहेत त्याचं नाव एसक्यूलान्सर. ते मुक्त स्रोत आहे, कुणीही उतरवून चालवू शकतं.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध भोसरीपुरता नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. एस. सुदर्शन, ज्यांचं सिल्बरशात्स आणि कोर्थ यांच्यासोबतचं डेटाबेसचं पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या बहुतेक संगणक अभियंत्यांनी वाचलेलं असतं, आणि शेतल शहा व त्यांचे विद्यार्थी यांनी झुरिकच्या कितीतरी आधी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली होती. इंजिन बरोबर आहे असं धरा. पण क्वेरी लिहिणारा चुकला असेल तर? त्यांच्या एक्सडेटा या प्रणालीचा मुख्य लेख २०११चा. क्वेरीत माणूस हमखास करतो तशा बारीक चुका मुद्दाम करायच्या: दोन टेबलं जोडणाऱ्या साध्या जॉइनऐवजी जोडीदार नसलेली ओळही ठेवणारा लेफ्ट आउटर जॉइन, 'पेक्षा मोठं'च्या जागी 'पेक्षा मोठं किंवा बरोबर'. मग असा डेटा तयार करायचा की मूळ क्वेरी आणि चुकलेली क्वेरी यांची उत्तरं वेगळी पडलीच पाहिजेत. प्रत्येक लॉटला इन्स्पेक्टर नेमलेला असेल तर दोन्ही जॉइन सारखंच उत्तर देतात आणि चूक झाकली जाते. एक्सडेटा विनाइन्स्पेक्टरचा एक लॉट टेबलात घालतो, आणि चूक उघडी पडते. पुढे ही प्रणाली विद्यार्थ्यांच्या क्वेरी तपासायला वापरली गेली. नेहमीच्या नमुना डेटावर बरोबर दिसणाऱ्या, माणसाच्या नजरेतूनही सुटलेल्या चुका तिने पकडल्या. झुरिकइतकाच मोलाचा हा विचार आहे, आणि आपल्याकडे तो पुरेसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते.

मामांच्या रिपोर्टात खोट क्वेरीची होती, म्हणजे ती पवईच्या वाटेने सापडणारी. पण त्या संध्याकाळनंतर मी इंजिनाचीही तीन गटांची बेरीज तपासायला लागले. बोअर, रनआउट, हार्डनेस, तारीख, एकात एक गुंफलेल्या अटी, सगळ्यांवर. आमच्या टेबलांवर इंजिन आजवर खरं उतरलं आहे.

तुमच्याकडे डेटाबेस असेल, मग तो कारखान्याचा असो, पतसंस्थेचा असो की दवाखान्याचा, तर ज्या अटीवर तुमचा सर्वांत महत्त्वाचा रिपोर्ट उभा आहे ती अट घ्या आणि तीन मोजण्या करा: अट खरी, अटीचा नॉट खरा, अट नल. त्यांची बेरीज एकूण ओळींशी ताडा. रिपोर्ट तिन्हींचा हिशेब देत नसेल तर रिपोर्ट दुरुस्त करा. तिन्ही मोजूनही बेरीज जुळली नाही, तर टेबल लहान करत जा, चूक दिसेल इतकंच ठेवा, आणि ते डेटाबेस बनवणाऱ्यांना कळवा. ते दुरुस्त करतात.