मेले तरी कामाचे

ऑगस्ट २०२५मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनजवळच्या स्वैहानला पारा ५१.८ अंशांवर गेला होता. अशा मुलखात प्रोबायोटिकच्या जिवंत जिवाणूंचे हालच. दुकानातून गाडी, गाडीतून घर एवढ्या वाटेतही त्यातले बरेच दगावू शकतात. पण दगावले म्हणजे वाया गेले, असं दर वेळी नसतं.

अमिराती घरांत ‘चामी’ नावाचा जुना पदार्थ करतात. ताक म्हणजे लबन मंद आचेवर तापवत ठेवायचं, फुटून चोथा वर आला की फडक्यात निथळत ठेवायचं. हाताला मऊ, चुऱ्यासारखं जे उरतं ते तूप घालून खजुराबरोबर खायचं. आपण कढी फुटू नये म्हणून बेसन लावतो. अमिराती लोक ताक मुद्दाम फोडतात. विरजणातले जिवाणू मात्र दोन्हीकडे आचेवर मरतात.

मारलेल्या जिवाणूंचा उपयोग मुंबईला नवा नाही. १८९७मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस तयार केली, ती उष्णतेने मारलेल्या जंतूंचीच. गंमत अशी, की हे हाफकिन इल्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी, आणि आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढतं असं पुढे युरोपला पटवू पाहणारे गृहस्थ हेच मेचनिकोव्ह.

मेलेला जिवाणू वाढत नाही, पण त्याचं कवच बऱ्याचदा शाबूत राहतं. आतड्यातल्या पेशी या कवचाचे तुकडे ओळखतात आणि प्रतिसाद देतात. शेतातल्या बुजगावण्यात जीव नसतो, तरी पाखरं बिचकतातच की. ‘अक्करमान्सिया’ या आतड्यातल्या जिवाणूच्या बाह्य आवरणातलं एक प्रथिन पाश्चरीकरणाची ७० अंशांची उष्णताही सोसतं. बेल्जियममध्ये पात्रिस कानी यांच्या गटाने वजन जास्त आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर असलेल्या ३२ जणांवर तीन महिने चाचणी घेतली. २०१९मध्ये निष्कर्ष आले: मारलेला अक्करमान्सिया घेणाऱ्यांत इन्सुलिनचा परिणाम सुधारला, कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. माणसं थोडी होती, हे विसरू नये. जर्मनीतली चाचणी मोठी, ४४३ रुग्णांची. पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींनी वर्षानुवर्षं गांजलेल्या या आयबीएसच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आठ आठवडे उष्णतेने मारलेला एक बायफिडोबॅक्टेरियम दिला. त्यातल्या ३४ टक्क्यांना ठरवलेल्या कसोटीइतका आराम पडला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना.

आणखी एक बाजू आहे. अगदी कमी दिवसांच्या बाळांच्या किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांच्या रक्तात जिवंत जिवाणू क्वचित शिरून घात करू शकतात. मेलेल्यांना वाढताच येत नसल्याने तो धोका राहत नाही.

अल ऐनमध्येच, संयुक्त अरब अमिरात विद्यापीठात, मुतामेद अय्याश यांच्या गटाने उंटिणीच्या दुधातून जिवाणू वेगळे काढले. त्यातल्या ‘सी ७०’ने बाहेर टाकलेल्या चिकट शर्करेने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना रोखलं. बातमी वाचून उंटिणीचं दूध मागवायची घाई करू नये. काचेच्या बशीतल्या पेशी आणि माणूस यांत फार अंतर आहे. शिवाय मेलेल्या जिवाणूंच्या उपयोगी तयारीला ‘पोस्टबायोटिक’ म्हणतात, आणि अशी शुद्ध करून वेगळी काढलेली शर्करा त्या नावात बसत नाही. २०२१च्या तज्ज्ञांच्या व्याख्येनुसार मृत जिवाणू किंवा त्यांचे अवशेष तयारीत हवेत, आणि त्यांचा फायदा दाखवून दिलेला हवा.

या दुसऱ्या अटीवर कढी आणि चामी दोन्ही अडतात. विरजणात कुठला वाण आहे, किती आहे, किती वेळ तापला, कुणालाच ठाऊक नसतं. जेवण म्हणून दोन्ही उत्तम. औषध म्हणून खपवू नयेत. दुबईच्या करामातल्या दुकानात महागडी डबी हातात घेतली की तिच्यावर हीच माहिती शोधावी: वाणाचं पूर्ण नाव, मात्रा, चाचणी कुणावर झाली. नुसतं ‘अब्जावधी जिवाणू’ लिहिलेलं असेल तर डबी परत ठेवावी. पाश्चरीकृत अक्करमान्सियाला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१मध्ये सुरक्षित ठरवलं, तेही फक्त प्रौढांसाठी, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना वगळून.