औषध आहे, वाट हवी

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरातच्या सीमेनजीकचे आदिवासी बाजारगाव. खरिपाचे पीक हाती आले की या डोंगरपट्ट्यातील कित्येक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. अशा कुटुंबातील एखादी गर्भवती एचआयव्हीबाधित असेल, तर तिच्या उदरातील बाळाचे भवितव्य कशावर अवलंबून राहील? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे, समाजाच्या कर्तव्यबुद्धीचाही आहे.

वैद्यकाने आपला वाटा उचलला आहे. उपचाराअभावी गर्भकाळ, प्रसूती व स्तनपान यांतून शंभरांतील १५ ते ४५ बालकांना बाधा होते. योग्य उपचारांनी हे प्रमाण ५ च्या खाली येते. या यशात महाराष्ट्राचाही भाग आहे. पुण्याचे बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तसेच इथिओपिया व युगांडा येथे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतः बाधा नसलेल्या ज्या अर्भकांना नेव्हिरापिनची एकच मात्रा मिळाली, त्यांच्यापैकी शेकडा ५.३ जणांना सहाव्या आठवड्यापर्यंत बाधा झाली. ज्यांना सहा आठवडे औषध मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण २.५ वर आले. २०१४ पासून तर भारतात प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म मोफत उपचार देण्याचे धोरण आहे.

औषधाने बाळास अपाय होईल, ही शंका अगदीच निराधार होती असे नव्हे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, त्या वेळच्या बहुऔषधी उपचारांनी संसर्ग घटला, पण कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. मात्र उपचारांविना राहिलेला आजारही बाळास क्षीणच करतो. पुढे डोल्युटेग्रॅव्हिर आले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यावर आधारित एका उपचारात प्रसूतीचे परिणाम अधिक चांगले दिसले. तेव्हा भीतीपोटी गोळी सोडणे हाच खरा धोका होय.

मग उणीव कोठे राहते? उणीव वाटेत राहते. गर्भारपणाच्या आरंभीच चाचणी व्हावयास हवी. स्थलांतरापूर्वी काही महिन्यांची औषधे तिच्या पदरी पडावयास हवीत. आणि बागांच्या गावीही तिला नोंदणीचे नवे दिव्य न करता उपचार मिळावयास हवेत. बाळाची सहाव्या आठवड्यातील व अठराव्या महिन्यातील तपासणीही चुकता कामा नये. पतीचीही चाचणी व्हावी. कारण बाधेचा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारण्याची आपली रीत जुनी आहे. संमतीविना चाचणी व गुप्ततेचा भंग यांस २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु कुजबुजीला कायदा पुरा पडत नाही.

द्राक्षांच्या पेट्या वेळेवर बंदरावर पोहोचाव्यात म्हणून या जिल्ह्याने चोख व्यवस्था उभारली. त्या पेट्या भरणाऱ्या मातेपर्यंत एक गोळी वेळेवर पोहोचविणे या जिल्ह्यास अशक्य आहे, असे आम्ही मानीत नाही.