न थकणारा प्रवाह थकतो तेव्हा

पोरांनो, भट्टीत भाजलेली एक काळी चकती डोळ्यांपुढे आणा. यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं हे सिरॅमिक. हातून पडली तर तुकडे होतील, इतकी ठिसूळ. थर्माकोलच्या भांड्यात ठेवून तिच्यावर द्रवरूप नायट्रोजन ओतायचा. आधी खळखळ उकळी फुटते, पांढरं धुकं भांड्याच्या काठावरून खाली उतरतं. चकती उणे १९६ अंशांपर्यंत गार झाली की उकळी एकदम मंदावते. आता ती अतिसंवाहक झाली, म्हणजे वीज तिच्यातून रोधाशिवाय वाहते. मग एक छोटं चुंबक चिमट्यानं तिच्यावर जरा दाबून धरा आणि सोडा. ते अधांतरी राहतं! टिचकी मारली तर जागच्या जागी फिरतं. चकती उचलून उलटी धरली तरी पडत नाही, खाली लोंबकळतं.

त्याला धरून कोण ठेवतं? चुंबकाचं क्षेत्र चकतीत शिरतं ते बारीक बारीक धाग्यांनी. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक भोवरा, आणि प्रत्येक भोवऱ्याच्या वाट्याला अगदी सारखंच क्षेत्र. १९५७ साली अब्रिकोसोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हे गणितानं दाखवलं. स्फटिकात कुठे ऑक्सिजनचा अणू निसटलेला असतो, कुठे परका कण अडकलेला असतो. भोवरे नेमके तिथंच रुतून बसतात. मला याचं फार नवल वाटतं, कारण स्फटिक निर्दोष असता तर भोवरे जरा ढकलताच सरकले असते. आणि भोवरा सरकला की विजेला रोध आलाच. प्रवाह वाढवत नेला की भोवऱ्यांवरचा रेटाही वाढतो. एका मर्यादेपुढे ते जागा सोडून धावत सुटतात. ती मर्यादा म्हणजे क्रांतिक प्रवाह.

पण मर्यादेच्या आत राहिलं तरी चकतीतलं चुंबकत्व हळूहळू ओसरतं. खळ्यावरची जोंधळ्याची रास बघा: दाणे म्हणजे आपले भोवरे. उतार जितका तीव्र, तितका चकतीतला प्रवाह जास्त. उष्णतेच्या थरथरीनं एखादा दाणा घरंगळतो, उतार किंचित कमी होतो, मग पुढचा दाणा घरंगळायला जास्त वेळ लागतो. म्हणून एका तासापासून दहा तासांपर्यंत जेवढं चुंबकत्व घटतं, साधारण तेवढंच पुढे दहा तासांपासून शंभर तासांपर्यंत घटतं. या संथ सरकण्याचं कोडं भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९६२ सालीच उलगडलं होतं. तेव्हाच्या अतिसंवाहक धातूंत हे सरकणं अगदी थोडं असे. १९८६ साली झुरिकजवळ बेडनोर्झ आणि म्युलर यांना अतिसंवाहक सिरॅमिक सापडलं, पुढच्याच वर्षी द्रवरूप नायट्रोजनमध्ये चालणारं आलं, आणि १९८८ मध्ये येशुरुन व मॅलोझेमॉफ यांनी दाखवलं की या स्फटिकांत ती घसरण प्रचंड आहे. इथं तापमान जास्त, शिवाय भोवऱ्याचा गाभा अवघ्या काही अणूंएवढा, म्हणून त्याला धरून ठेवणारी पकडही तोकडी.

तरी माणसानं हार मानली नाही. २०१४ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी यिट्रियमऐवजी गॅडोलिनियम वापरलेल्या दोन चकत्या एकावर एक ठेवून, उणे २४७ अंशांना, त्यांच्यात १७.६ टेस्लाचं क्षेत्र कोंडून दाखवलं. इतक्या क्षेत्राच्या ताणानं सिरॅमिक आतूनच फुटतं, म्हणून चकत्यांना पोलादी कडं घट्ट बसवावं लागलं. ओसरणं रोखायचा उपायही आहे: क्षेत्र भरून झालं की चकती आणखी थोडी गार करायची. भोवऱ्यांची पकड घट्ट होते, प्रवाह मात्र तेवढाच राहतो, आणि तो आता नव्या मर्यादेच्या बराच खाली असल्यानं ओसरणं जवळजवळ थांबतं.