कंसात अडकलेले खातेदार

सातबारावरून नाव गेलं की बारामती-इंदापूर पट्ट्यात ते बऱ्याचदा आधी सोसायटीच्या सचिवाला कळतं. पीककर्जाचं नवं-जुनं करायला गेलेल्या शेतकऱ्याला तो उतारा दाखवतो. मालकाच्या रकान्यात नाव नाही. इतर हक्कात सोसायटीचा बोजा मात्र शाबूत!

हाताने लिहिलेले सातबारे आधी तालुक्याच्या संगणकांत उतरले, मग ई-फेरफारसाठी राज्याच्या सर्व्हरवर चढले. या दोन उड्यांत खातेदार गळाले. गावात म्हणतात, 'सर्व्हरनं नाव खाल्लं.' महसुलातले जुने लोक यावर हसतात, कारण त्यातली बरीच नावं सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती.

जुन्या सातबारावर हक्क संपलेल्या माणसाच्या नावाला तलाठी कंस करायचा आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक टाकायचा. शाई फुटलेली, कागद चुरगळलेला. कंस कुठं उघडला नि कुठं मिटला, हे ठरवणार कोण? नोंदी भरणारा रोजंदारीवरचा मुलगा. कंस एक ओळ खाली सरकला की हक्कदार भाऊ गायब. निसटला की जमीन विकून गेलेला पुन्हा मालक. त्यात 'वगैरे ४' असं लिहून मोकळे झालेले पूर्वीचे कारकून. संगणक प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मागतो. वगैरेच्या वडिलांचं नाव काय लिहायचं?

इंदापूरला उजनीचा वेगळा ताप. गटातला तुकडा धरणात गेला, पण क्षेत्रातला बदल दाखवणाऱ्या कमी-जास्त पत्रकाचा अंमल दिलेला नसला, की गटाचं क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही.

अशा चुका पकडायला २०१७ मध्ये गावोगावी सातबाऱ्यांचं चावडीवाचन झालं. कल्पना चांगली होती. पण चावडीवर येतो तो गावात राहणारा. सासरी गेलेल्या बहिणीचं नाव गळलं असेल तर ते भावानं उठून सांगायचं. किती भाऊ उठले असतील, ते ज्यानं त्यानं ताडावं.

नाव परत आणण्याची वाट त्या वर्तुळातल्या आकड्यापासून सुरू होते. तो आकडा धरून रेकॉर्ड रूममधल्या रुमालात बांधलेल्या दप्तरातून गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, काढायची, मूळ नोंद दाखवायची. लेखनप्रमाद असेल तर तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश देतात, मग फेरफार धरला जातो आणि मंडल अधिकारी तो प्रमाणित करतात. दिवसा सर्व्हर रांगायचा, म्हणून तलाठी हे काम रात्री जागून करत. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला, तरी दुरुस्तीचे अर्ज येतच राहिले.

कधी आकड्यामागून जाता जाता फेरफार एकत्रीकरण योजनेत निघतो. १९४७ च्या कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हाच आजोबांचं नाव सुटलेलं असतं. तालुक्यात संगणक यायच्या कितीतरी आधी. तिथं १५५ चालत नाही. तलाठी उतारा परत हातात देतो, "हे आमच्याकडं नाही काका, भूमी अभिलेखला जा."