फुकटचा तमाशा

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९६२ साली उघडे नाट्यगृह झाले आणि तेथे उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटके फुकट दाखवू लागले, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा आम्हा आष्टी तालुक्यातल्या मुलींना हसू आले. आमच्या गावी चैत्रातल्या जत्रेत दुसरे काय होते?

तमाशाचे फड दोन तऱ्हांनी खेळतात. एक तर तंबू ठोकून तिकीट लावतात, नाही तर गावाची सुपारी घेतात. सुपारी घेतली की खेळ सर्वांना मोकळा. त्यासाठी गावकरी पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातात; तेथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. पैसा उभा राहतो घरटी पट्टीतून. म्हणून फुकट हा शब्द तसा खोटाच. माझे आईवडील ऊसतोडीहून परततात, गाडीतून पेटी उतरते न उतरते तोच पट्टीवाले दारात! वडील कुरकुर न करता देतात. सहा महिने खोपीत काढलेल्या माणसाला ती एक रात्र हवी असते.

ती रात्र मी मात्र कधी पाहिली नाही. बायकांनी रात्रीच्या तमाशाला बसायचे नाही, ही गावची रीत. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. म्हणजे पट्टीत आईचाही घाम आलाच. तरी खेळ पुरुषांचा. गण, गवळण, बतावणी हे सारे मी माळवदावर पडून ऐकले आहे. ढोलकी आणि हलगी तेवढी स्पष्ट येते, संवाद वाऱ्यावर जातात. पूर्वी वग झुंजूमुंजू होईपर्यंत चाले, असे वडील सांगतात. २००० सालच्या नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातले फार तर १५ दिवस १२ पर्यंत सवलत. त्यामुळे वग आखडला. त्यातही मंडळींना सिनेमाच्या गाण्यांचीच घाई.

उरते ती हजेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभराचे जागे कलावंत देवळापुढे उन्हात गातात, नाचतात. पडदा नाही, दिवे नाहीत. येथे बायकांना आडोशाने उभे राहण्याची मुभा असते. यंदा मी आईचा हात धरला आणि तिला थेट पुढे नेऊन बसवले.

"पोरी, बाया मागं उभ्या ऱ्हात्यात," एक म्हातारबाबा म्हणाले.

मी काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "आण्णा, पट्टी आमी बी दिलीय."

आण्णा जरासे सरकले. तोवर ढोलकीवर थाप पडली होती.