केशरी टोपीचा दगड

यवतमाळहून आर्णीकडे निघालं की रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांना पिवळी टोपी दिसते. पिवळी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हा क्रमांक 361, बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर करत तुळजापूरला जाणारा, चौपदरी. इथे सायकलवर असलात तर प्रत्येक ट्रक दोनदा धक्का देतो, आधी आवाजाने आणि मग वाऱ्याने. माणूस डोंगर, झाडं, आभाळ सगळं विसरतो आणि फक्त पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहतो.

आता एखाद्या फाट्यावरून आत वळा आणि पुढच्या दगडाची टोपी बघा. हिरवी असेल तर राज्य मार्ग. काळी किंवा नुसतीच पांढरी असेल तर जिल्ह्याचा रस्ता. आणि केशरी असेल, तर तुम्ही ग्रामसडकेवर आहात. दोन-तीन किलोमीटर गेलं की कानात काहीतरी बदलतं. आधी वाटतं, आवाज बंद झाले. मग लक्षात येतं, आवाज आता कुठे सुरू झालेत! साखळीची बारीक कुरकुर, धुऱ्यावरच्या तित्तिराची हाक, तुरीच्या शेतापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायांच्या गप्पा.

अशा रस्त्यांसाठी जगभरचे सायकलस्वार फ्रान्सला जातात. तिथेही दगडांना टोप्या आहेत, फक्त रंगांचा अर्थ वेगळा. जुन्या राष्ट्रीय रस्त्यावर लाल टोपी, जिल्हा पातळीवरच्या रस्त्यावर पिवळी. म्हणजे फ्रान्समध्ये पिवळी टोपी दिसली की सायकलवाला सुखावतो, आपल्याकडे तीच दिसली की हँडल घट्ट धरतो. तिथली गंमत रंगापेक्षा गणितात आहे. लांबची वाहनं टोल भरून मोटारमार्गावर जातात, आणि मागे उरलेल्या सुमारे 3 लाख 80 हजार किलोमीटर जिल्हा-रस्त्यांवर पाव आणायला निघालेला म्हातारा आणि एखादा ट्रॅक्टर एवढीच वर्दळ राहते. मोठा रस्ता गर्दी गिळतो म्हणून लहान रस्ता शांत राहतो.

हेच गणित आपल्याकडेही मांडलं गेलं, आणि तेही यवतमाळपासून फार लांब नाही. डिसेंबर 1943 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग ही पाच पायऱ्यांची उतरंड त्या बैठकीतून आली. ‘नागपूर योजना’ म्हणून ती आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिकवतात. शेतीने भरलेल्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांहून दूर नसावं, असं तिचं एक उद्दिष्ट होतं.

उतरंडीची शेवटची पायरी भरायला मात्र बराच काळ गेला. 25 डिसेंबर 2000 ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हा नियम साधा होता: सपाट मुलखात 500 हून अधिक वस्तीच्या, रस्ता नसलेल्या प्रत्येक ठिकाणाला बारमाही रस्ता, पण एकच. सायकलवाल्यासाठी सगळी जादू या ‘एकच’ मध्ये आहे. एकच रस्ता म्हणजे बहुतेकदा तो त्या गावापाशी, बंजाऱ्यांच्या तांड्यापाशी किंवा कोलामांच्या पोडापाशी संपतो. जो रस्ता कुठेच पुढे जात नाही, त्यावरून ‘जाता जाता’ कुणी जात नाही. शिवाय डांबराची रुंदी बहुधा पावणेचार मीटर. ट्रक अडीच मीटर रुंद असतो. समोरासमोर दोन आले की एकाला मुरुमात उतरावंच लागतं, म्हणून शहाणा ड्रायव्हर आत वळतच नाही.

त्यात यवतमाळ जिल्हा मोठा आणि विरळ. क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साडेतीन पटींहून जास्त. 2011 च्या जनगणनेत इथे दर चौरस किलोमीटरला 204 माणसं होती, तेव्हा राज्याची सरासरी 365 होती.

पण फाट्यावर वळल्यावर शांतता लगेच का येत नाही? कारण महामार्ग हा एक आवाज नसतो, आवाजांची अखंड रांग असते. एकटा ट्रक दूर गेला की त्याचा आवाज चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. रांगेचा आवाज मात्र फक्त दोन बाजूंना पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं तरी निम्माच घटतो. आता हिशेब करा. 10 मीटरवरून 640 मीटरवर गेलात तर एकट्या ट्रकची तीव्रता 4,096 पट घटते, रांगेची अवघी 64 पट! उरलेलं काम कपाशी, झाडं आणि मधला एखादा चढ करतात. चढ ओलांडून उतरलात की घरघर कुणीतरी दार लावल्यासारखी थांबते.

कार्तिकातली पहाट तर आणखी नवल दाखवते. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज वेगाने धावतो, एका अंशाला सेकंदामागे सुमारे 0.6 मीटर जास्त. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दूरच्या गावातली काकड आरती मग शेजारच्या शेतात चालल्यासारखी ऐकू येते. सूर्य वर आला, जमीन तापली, की आवाज वरच्या दिशेला वाकतात आणि ते गाव पुन्हा दूर जातं.

हे ऐकायला सायकलच का हवी? मोटरसायकलवर स्वतःचंच इंजिन वाजत असतं आणि पायी फार लांब जाता येत नाही. एस. एस. विल्सन या अभ्यासकाने 1973 मध्ये प्राणी आणि यंत्रं यांच्या प्रवासखर्चाची तुलना केली. चालणाऱ्या माणसाला वजन आणि अंतराच्या हिशेबात जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्यात सायकलस्वार तेवढंच अंतर जातो. या यादीत त्याने सगळ्या प्राण्यांना मागे टाकलं होतं. चालण्याइतक्याच दमात तुम्ही कितीतरी लांब जाता. घाई केलीत की मात्र हवा वसुली करते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला पायांतून आठपट ताकद लागते. ताशी 15 किलोमीटर हा वेग म्हणूनच गोड. पाय दमत नाहीत आणि कानात वारा भरत नाही.

केशरी टोपीचा रस्ता तसा मऊ गादी नव्हे. खालची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी फाटते की भेगेत हात जावा. डांबराखालची माती ओल धरून राहते, कडेची सुकते. या ओढाताणीत रस्त्याच्या काठाने लांबच लांब चीर पडते आणि वर लाटा उठतात. मनगटाला त्या आधी कळतात. तेव्हा जरा रुंद टायर घ्या आणि रस्त्याच्या मधून चालवा. बाभळीचा काटा टायर ओळखत नाही, म्हणून पंक्चरचं सामान आणि पंप हवाच. वणी भागातल्या कोळशाच्या ट्रकांच्या वाटा सोडून द्या. उन्हाळा तर सोडूनच द्या.

आणि पहाट सगळीकडे आपली नसते. पांढरकवड्याजवळ 148 चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य आहे. त्याच्या आसपास, तसंच झरी-जामणी आणि राळेगावच्या जंगलपट्ट्यात, पहाट आणि तिन्हीसांज वाघाची. तिथे ऊन वर आल्यावरच निघायचं, तेही गावकऱ्यांना विचारून. या टिपेश्वरात जन्मलेल्या एका वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. त्या जूनमध्ये तो नव्या मुलखाच्या शोधात निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची चाल 3,000 किलोमीटरवर गेली होती. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. वर्दळ टाळून, बहुधा रात्रीच्या अंधारात तो चालायचा. शांत वाटा शोधण्यात या जिल्ह्यात त्याच्या तोडीचा प्रवासी झालेला नाही.

आपल्याला एवढं लांब जायचं नाही. नकाशावर गावाच्या नावापाशी संपणारी एक बारीक रेघ शोधा. जायला पंधरा किलोमीटर, यायला पंधरा. वाटेत टपरी लागली तर चहा आणि आलूबोंडा. बंडी समोरून आली तर तुम्ही थांबा, बैलांना थांबवू नका. आणि पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना दगडांच्या टोप्या मोजा. पिवळी दिसली तर बसून राहा. केशरी दिसली, तर त्या फाट्याचं नाव लिहून ठेवा.